दिसलेली सुई परवडली

मागच्या अंकात बंद घरं रिकामी करण्याबद्दल लिहिताना सहज एक वाक्य टाकलं होतं, की ड्रॉवरमध्ये हात घालताना वापरलेल्या सुयांची काळजी घ्या. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. पाच पत्रं निवडलीत, नावं काढलीत. मी स्वतः बारा वर्षं वॉर्डात सुयांचे डबे हाताळलेत आणि आता साफसफाईच्या टीमना शिकवते, त्यामुळे उत्तर देताना थोडी ओरडले तर मनावर घेऊ नका.

प्रश्न : ताई नमस्कार. भाडेकरू सोडून गेलेली, बंद पडलेली घरं रिकामी करून द्यायचं आमचं काम आहे, मी, माझा चुलतभाऊ आणि दोन पोरं. मागच्या महिन्यात एका खोलीत गादीखाली आणि खिडकीच्या कट्ट्यावर मिळून पंधरा-वीस वापरलेल्या सुया निघाल्या. पोरांनी पातळ रबरी ग्लोव्हज घातले होते, हातानेच उचलल्या आणि पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरल्या. आता ती बाटली तीन आठवडे टेम्पोत सीटखाली पडून आहे. कचरागाडीवाला घेत नाही आणि मला कुठे फेकवत पण नाही. तिचं काय करू? आणि पुढच्या वेळी कसं करायचं?

उत्तर : दादा, फेकवत नाही हे बरंय, त्यावरून कळतं की तुमचं डोकं ठिकाणावर आहे. पण आधी त्या बाटलीचं बघू, कारण आत्ता सगळ्यात धोक्याची वस्तू तीच आहे. पाण्याची बाटली हाताने चुरगळते इतकी पातळ असते, सीटखाली जॅक सरकला, कोणाचा पाय पडला की सुई आरपार. आणि अजून महिन्याभरात तुम्ही विसरणार, चुलतभाऊ विसरणार आणि सीटखाली हात घालेल तो गॅरेजमधला पोरगा, ज्याला यातलं काहीच माहीत नाही. तर बाटली उघडू नका, सुया दुसऱ्या डब्यात ओतायला जाऊ नका, ओतताना एखादी हमखास बाहेर उडते. अख्खी बाटली तशीच, तळाला किंवा अंगाला न धरता मानेला धरून, चिमट्याने उचललीत तर उत्तमच, आणि जाड प्लास्टिकच्या, फिरकीचं झाकण असलेल्या मोठ्या डब्यात उभी ठेवा. झाकण लावा, वरून चिकटपट्टी मारा आणि मोठ्या अक्षरात लिहा, 'वापरलेल्या सुया, उघडू नका'. कपडे धुवायचं लिक्विड येतं त्या जाड डब्यासारखा डबा चालतो. काच नको, फुटते. पत्र्याचा डबा ज्याचं झाकण नुसतं दाबून बसतं तो नको, आणि पिशवी तर नकोच नको, पिशवी म्हणजे सुईला पडदा लावल्यासारखं, दिसत नाही पण टोचते.

कचरागाडीवाल्यावर रागावू नका, तो बरोबर वागला. गाडीत कचरा मशीनने दाबतात, दाब आला की डबा तडकतो आणि पुढे जिथे कचरा हाताने निवडतात तिथे त्या सुया कोणाच्या तरी तळहातात जातात. आता देणार कुठे? तुमच्या भागातल्या पालिकेच्या कचरा विभागाला, सरकारी दवाखान्याला, नाहीतर औषधाच्या दुकानाला फोन करा. बऱ्याच ठिकाणी यापैकी कोणीतरी बंद डबा घेतं, कुठे एक घेतं कुठे दुसरं, म्हणून विचारूनच जायचं. आणि फोनवर 'थोडा कचरा होता' असं म्हणू नका, 'वापरलेल्या इंजेक्शनच्या सुया, बंद डब्यात' असं पहिल्याच वाक्यात सांगा, म्हणजे फोन बरोबर माणसाकडे जातो. पण एक आहे, तुम्ही हे धंदा म्हणून करता. घरगुती डबा घेणारे धंद्याचा डबा कित्येकदा घेत नाहीत, तुमच्यासाठी वैद्यकीय कचरा उचलण्याचं लायसन असलेली एजन्सी हाच रस्ता आहे, आणि डबा दिला की पावती घ्यायची, फाईलला लावायची. ही एजन्सी आधीच शोधून ठेवा आणि तिचा खर्च कोटेशनमध्येच धरा. काम संपल्यावर डबा घेऊन दारोदार फिरणं हे जे तुमचं झालंय ना, ते सगळ्यांचंच होतं, कारण सुरुवातीला कोणी विचार करत नाही.

आता पुढच्या वेळचं. जी सुई दिसली ती परवडली, तिला काय करायचं ते आपल्या हातात असतं. माणसाला टोचते ती न दिसलेली. मी आजवर जेवढ्या टोचलेल्या लोकांशी बोललेय त्यातले बहुतेक सुई उचलताना नाही टोचून घेतलेले, ते दुसरंच काहीतरी करत होते, उशी झटकत होते, पिशवीचं तोंड बांधत होते, सोफ्याच्या फटीत पडलेला रिमोट काढत होते. म्हणून माझ्या टीमला मी एवढंच सांगते की जिथे डोळा गेला नाही तिथे हात जायचा नाही. फटीत बोटं नाहीत, खिशात हात नाही, ड्रॉवर असेल तर पूर्ण बाहेर काढून ताडपत्रीवर हळूच पालथा करायचा, चाचपडायचं नाही.

आणि टॉर्च आणा, दिवसा सुद्धा, खोलीत लाईट असला तरी सुद्धा. एकदा एक खोली आम्ही पूर्ण बघितली, झाडली, मी स्वतः ओके म्हटलं आणि जाता जाता एका पोरीने बूट बांधायला टॉर्च जमिनीवर आडवा ठेवला. भिंतीच्या कडेपाशी एक बारीक, बोटभर लांब सावली पडली, सरळ रेघेसारखी. बघतो तर इन्सुलिनची सुई, फरशीच्या सांध्यात आडवी बसलेली, वरून बघितलं तर फरशीचीच रेघ वाटत होती. तेव्हापासून आमच्याकडे टॉर्च वरून मारायचाच नाही, जमिनीला टेकवून आडवा फिरवायचा, चारी भिंतींकडून एकेकदा. ही सुई किती बारीक असते म्हणाल तर जाडी साधारण पाव मिलिमीटर, लांबी चार ते आठ मिलिमीटर, टोपण नसेल तर केस पडलाय असं वाटतं.

उचलायचं कसं ते आता. एका वेळी एकच माणूस, बाकीचे खोलीबाहेर, कारण गर्दीत कोपर लागतं. पायात जाड तळाचे बंद बूट. हातात ग्लोव्हज, पण तुमच्या पोरांनी घातलेले ते पातळ रबरी नाहीत, ते रक्त लागू नये म्हणून असतात, सुई त्यातून लोण्यातून सुरी जावी तशी जाते. सुई न शिरणारे जाड ग्लोव्हज मिळतात, ते घ्या, आणि ते घातले तरी सुई हाताने उचलायची नाहीच, लांब चिमटा वापरायचा. सुयांचा खास डबा येतो, शार्प्स बॉक्स म्हणतात, जाड प्लास्टिकचा, आपल्याकडे पांढरा, अर्धपारदर्शक, वर एकदा बंद केलं की परत न उघडणारं झाकण. तो डबा सुईपाशी न्यायचा, सुई घेऊन डब्याकडे चालत जायचं नाही, हे माझ्या मते सगळ्यात मोलाचं आहे कारण चार पावलं सुद्धा फार होतात, कोणी हाक मारतं, माणूस वळतो. डबा जमिनीवर सुईशेजारी ठेवायचा, दुसऱ्या हाताने धरायचाच नाही, सिरिंज नळीच्या मध्यावर चिमट्यात पकडायची, टोक आपल्यापासून लांब आणि टोकाची बाजू आधी आत. एक एक करून. मूठभर एकदम नाही.

टोपण सापडलं तरी परत लावायला जाऊ नका, हॉस्पिटलात नर्सला बोटाला सुई लागायचं ते एक जुनं कारण आहे, टोपण हुकतं आणि टोक दुसऱ्या हाताच्या बोटात. सुई वाकवायची नाही, मोडायची नाही, सिरिंजपासून वेगळी करायची नाही. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद, डब्यावर रेघच असते. अजून दोन मावतील म्हणून वरून दाबणारे महाभाग मी पाहिलेत, आणि त्यांची बोटं पण.

गादीचं वेगळं सांगते. गादी, सोफा, उशा झटकायच्या नाहीत, फाडायच्या नाहीत, वरून हात फिरवून तर अजिबात बघायचं नाही. गादी दोघांनी कडेने उभी करायची, खालची बाजू टॉर्चने बघायची आणि अशा खोलीतली गादी असेल तर वाचवत बसायची नाही, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून वर लिहून बाहेर, आणि उचलून नेणाऱ्याला तोंडी पण सांगायचं. कोणीतरी मला म्हणालं की आम्ही मोठा मॅग्नेट फिरवतो, सगळ्या सुया चिकटतात. नाही चिकटत हो. इंजेक्शनची सुई ज्या स्टेनलेस स्टीलची असते ते लोहचुंबकाला भरवशाने धरत नाही, एखादी चिकटेल, चार राहतील आणि तुम्ही मात्र निर्धास्त. व्हॅक्यूम पण नको, सुई पाईपमध्ये नाहीतर आतल्या पिशवीत अडकते आणि पिशवी बदलणाऱ्याला प्रसाद. आणि कचऱ्याच्या पिशव्या, कुठल्याही, अर्ध्याच भरा, वरून दाबून हवा काढू नका आणि उचलताना अंगापासून लांब धरा, पायाला घासत नेलेल्या पिशवीने मांडीत सुई गेलेला माणूस माझ्या ओळखीचा आहे.

जागेवर रक्ताचे डाग असतील तर सुया निघाल्यावर आधी पुसून घ्या, मग एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी असं ताजं मिश्रण ओतून दहा मिनिटं तसंच ठेवा. खिडकी उघडी ठेवून. आणि ब्लीचमध्ये दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नका.

प्रश्न : माझे मिस्टर घर खाली करायच्या कामाला जातात. परवा त्यांना जुन्या पर्समधली सुई अंगठ्याला लागली. त्यांनी तोंडात धरून रक्त चोखून थुंकलं, मग दाबून दाबून रक्त काढलं, आणि मला आज सांगितलं. म्हणतात जुनी वाळलेली सुई होती, काही होत नाही. खरंच काही होत नाही का?

उत्तर : ताई, हे पत्र मी आलं त्याच दिवशी तुम्हाला वेगळं कळवलंय, इथे बाकीच्यांसाठी लिहितेय. त्याच दिवशी डॉक्टर, हे पहिलं. परवा लागली म्हणजे वेळ जात चाललाय. एचआयव्हीपासून बचावाच्या गोळ्या 72 तासांच्या आत सुरू झाल्या तरच उपयोग, आणि जेवढ्या लवकर तेवढं चांगलं, मग 28 दिवस घ्याव्या लागतात. त्या द्यायच्या की नाही ते डॉक्टर ठरवतील, कुठेतरी सापडलेल्या जुन्या सुईसाठी ते कित्येकदा 'नको' म्हणतात कारण धोका फार कमी असतो, पण ते त्यांनी म्हणायचं, मिस्टरांनी नाही.

'वाळलेली होती' हे अर्धंच खरं. हवा लागली की एचआयव्ही तसा लवकर मरतो, पण पोकळ सुईच्या आणि सिरिंजच्या आत रक्ताचा थेंब राहतो, तिथे तो जास्त टिकतो. हेपॅटायटिस बी तर बाहेर वाळलेल्या रक्तात सात दिवस आणि वर जिवंत राहतो. हॉस्पिटलमधले आकडे सांगते, म्हणजे रुग्णाला तो आजार आहे हे माहीत आहे आणि रक्त ताजं आहे, तेव्हा लस न घेतलेल्या शंभर जणांना सुई लागली तर हेपॅटायटिस बी तिसापर्यंत जणांना होऊ शकतो, हेपॅटायटिस सी दोनापेक्षा कमी जणांना आणि एचआयव्ही हजारात साधारण तिघांना. सापडलेल्या जुन्या सुईचा धोका याहून बराच खाली. म्हणजे लोक ज्याला घाबरतात त्याचा धोका सगळ्यात कमी आणि ज्याचं नाव पण काढत नाहीत त्याचा सगळ्यात जास्त, आणि गंमत म्हणजे त्याचीच लस आहे. सुई लागल्यावर सुद्धा ती लस लगेच, शक्यतो 24 तासांत दिली तर उपयोग होतो, गरज वाटली तर सोबत तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन देतात. धनुर्वाताचं पण विचारतील. सी ला लस नाही, पण आता आठ ते बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातले पंच्याण्णवच्या वर लोक बरे होतात, फक्त तपासणी चुकवायची नाही, आत्ता एक आणि मग डॉक्टर सांगतील तशा पुढच्या काही महिन्यांत.

लागल्या लागल्या काय करायचं, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने बोट धुवायचं, रक्त आपोआप येतंय तेवढं येऊ द्यायचं, झाकायचं, निघायचं. चोखायचं तर कधीच नाही, जखम अंगठ्याला होती ती तोंडापर्यंत नेली त्यांनी. पिळायचं नाही, घासायचं नाही, ब्लीच किंवा स्पिरिट ओतायचं नाही. आणि ती सुई तपासायला म्हणून खिशात घालून दवाखान्यात न्यायची नाही, सुईची तपासणी करून काही हाती लागत नाही, तपासतात ते माणसाचं रक्त.

बाकी त्यांनी दोन दिवस सांगितलं नाही त्याबद्दल भांडू नका. बरेच लोक सांगत नाहीत, वाटतं आपण बावळट ठरू, काम जाईल. हे काम करणाऱ्या प्रत्येकाने हेपॅटायटिस बी चे तीन डोस कामाला लागायच्या आधीच घ्यावेत, आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी, आणि शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी एक रक्ततपासणी, लस लागू पडली का बघायला.

प्रश्न : आई गेली, तिचं घर आम्ही बहिणी मिळून आवरतोय. तिला वीस वर्षं शुगर होती. कपाटात, उशाशी, देवाच्या फोटोमागे सुद्धा इन्सुलिनच्या सुया आणि बोट टोचायच्या टाचण्या निघतायत. धाकटी म्हणते आईला कुठलाच रोग नव्हता, नेहमीच्या कचऱ्यात टाकू. मला कसंतरी होतं.

उत्तर : तुम्हाला कसंतरी होतंय ते बरोबर आहे, धाकटीचं पण चूक नाही, तिला माहीत आहे की आईला काही नव्हतं. पण ज्याला ती सुई पुढे लागेल त्याला ते कसं कळणार? तो बिचारा महिनोनमहिने तपासण्या करत फिरणार, बायकोच्या शेजारी झोपायला घाबरणार. म्हणून वागवायचं सगळ्या सुयांना सारखंच, मग ती नशेची असो की आईची.

इन्सुलिन पेनच्या सुईला दोन टोकं असतात, हे घरच्यांना कित्येकदा माहीत नसतं. पुढचं आपण बघतो, मागचं टोक आत पेनातल्या औषधाच्या नळीत घुसलेलं असतं, सुई फिरवून काढली की ते उघडं पडतं, आणि आपण टोपण लावलंय म्हणून बिनधास्त मागून बोट लावतो. म्हणून पेनला लागलेली सुई काढूच नका, डब्याचं तोंड मोठं असेल तर पेनसकट आत टाका. शुगर मोजायचा तो दंडाला चिकटवायचा सेन्सर वापरत असतील तर तो लावायचं जे गोल उपकरण येतं त्याच्या आत पण सुई असते, बाहेरून नुसती प्लास्टिकची वाटी दिसते. टाचण्या पण डब्यात. न वापरलेल्या, पाकीटबंद सुया पण त्याच डब्यात, सुई नवी असली तरी टोचतेच. उरलेलं इन्सुलिन मात्र वेगळं, ते औषधाच्या दुकानात परत घेतात का विचारा, आणि मीटरमधला सेल पण काढून वेगळा.

एकटीने एका बैठकीत आवरू नका. रडत असताना माणूस डोळ्याआधी हात घालतो, मी माझ्या सासूबाईंचं कपाट आवरताना स्वतः घातलाय, बारा वर्षांची नोकरी गेली उडत.

प्रश्न : सुया जाळल्या किंवा खड्डा करून पुरल्या तर चालणार नाही का? एवढी भानगड कशाला?

उत्तर : नाही चालणार. अंगणातल्या जाळात प्लास्टिक वितळतं, धूर विषारी होतो आणि स्टीलची सुई तशीच राखेत उरते, टोकासकट. डबे जिथे नेतात तिथली भट्टी 850 ते 1100 अंशांची असते, नाहीतर वाफेच्या दाबाखाली निर्जंतूक करून मशीनने चुरा करतात. पुरलेली सुई कधीतरी कोणाच्या कुदळीला येतेच. संडासात टाकायचं पण एकाने विचारलंय, तिथे पण नाही, तुंबलं की हात घालणारा माणूसच असतो.

प्रश्न : आम्ही घरमालक आहोत. जुन्या भाडेकरूच्या खोलीत सुया आहेत हे आम्हाला माहीत आहे. पण साफसफाईवाल्यांना आधी सांगितलं तर ते जास्त पैसे मागतात किंवा येतच नाहीत. नाही सांगितलं तर काय बिघडतं, ते काय बघून घेतीलच की.

उत्तर : नाही, बघून घेणार नाहीत. वर पहिलं पत्र वाचा, पंधरा-वीस सुया पातळ ग्लोव्हजने हाताने उचललेली ती दोन पोरं कोणाच्या तरी अशाच खोलीत, अशीच न सांगता पाठवलेली होती. कुठल्या खोलीत, कुठल्या कोपऱ्यात, साधारण किती दिसल्या, हे लिहून द्या, फोटो काढून पाठवा, खोलीला कुलूप लावा आणि तोवर स्वतःही आत जाऊ नका. जास्त मागतील तेवढे द्या, त्यातून डबा येतो, चिमटा येतो, जाड ग्लोव्हज येतात. आणि जो ठेकेदार 'सुया आहेत' हे ऐकूनही जुन्याच रेटला हो म्हणेल, त्याला आधी डबा दाखवायला सांगा.